मिसर ते चोपडा

शमुवेल मास्तरांच्या घरात फासा आलेला मी कधी पाहिला नाही. कुणी सोंगट्या खेळायला बोलावलं तर ते हसून नाही म्हणत. ‘फाशांसाठी देवाला कशाला राबवायचं? त्याला दुसरी कामं आहेत,’ असं वर ऐकवत. पण डोकं चालवायचा खेळ असला की मास्तर तहानभूक विसरत. मग त्यांच्या पत्नी रूथबाई दारात येऊन दोनदा हाक मारत आणि तिसऱ्यांदा चहाचा पेला सरळ पटावर आणून ठेवत.

धुळ्याच्या मिशनच्या शाळेत आम्ही बरोबर शिकवत होतो. ते भूगोल आणि शास्त्रपाठ, म्हणजे बायबल, घेत, मी गणित आणि चित्रकला. स्वराज्य यायला अजून बरीच वर्षं होती. धुळ्यात मोटारी मोजक्याच होत्या, आणि सायकल असलेला मास्तर म्हणून मी स्वतःला कुणीतरी मोठा समजत होतो. शमुवेल मास्तर उंच, सावळे, खांद्यात किंचित वाकलेले. अंगात काळा कोट आणि डोक्याला ऐन खानदेशी पागोटं. प्रार्थनामंदिरात ते पागोटं काढावं लागे. तेव्हा ते तान्हं मूल घेतल्यासारखं मांडीवर घेऊन बसत. बाकीच्या ख्रिस्ती मंडळींनी केव्हाच टोप्या पत्करल्या होत्या, पण मास्तरांचा त्याबाबत हट्ट होता. ‘बाप्तिस्मा डोक्याचा झाला, पागोट्याचा नाही,’ असं त्यांनी एकदा पाद्रीसाहेबांना तोंडावर सांगितलं होतं.

भूगोलाच्या तासाला ते फळ्यावर खानदेशचा नकाशा हातानं काढत. आधी तापी, मग गिरणा नि पांझरा, मग वर सातपुड्याची ओळ. गावं सगळ्यात शेवटी. पोरं म्हणत, मास्तर, आधी धुळं काढा ना. ‘आधी पाणी, मग माणसं,’ हे त्यांचं उत्तर ठरलेलं असे. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे ‘घाई फारोला असते.’ हा फारो बायबलातला मिसरचा, म्हणजे इजिप्तचा राजा. त्याच्या गुलामगिरीतून इस्राएल लोक पळाले, तेव्हा तो रथ घेऊन त्यांच्या मागे लागला आणि समुद्रात बुडाला. घंटा झाल्यावर दारात रेटारेटी करणाऱ्या पोरांना, भाजी करपली म्हणून चिडलेल्या रूथबाईंना आणि वेळापत्रक घेऊन मागे लागणाऱ्या मुख्याध्यापकांना मास्तर हे एकच वाक्य सारख्याच शांतपणे ऐकवत. मुख्याध्यापकांना ते मुळीच आवडत नसे.

मी फागण्याचा. धुळ्याहून पारोळ्याच्या रस्त्याला लागलं की तीन-चार कोसांवर आमचं गाव येतं. नोकरीला लागलो त्या आठवड्यात मास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘फागण्याला नथ्थूनानांच्या ओट्यावर अजून वाघ-बकरी मांडतात का?’ मांडतात तर. नथ्थूनाना आमचे शेजारी, पंचक्रोशीत वाघाच्या बाजूनं त्यांच्याइतकं पक्कं खेळणारा कोणी नव्हता. मास्तरांना नाना कसे ठाऊक, असं मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘माझा थोरला भाऊ आहे तो.’

मला धक्का बसला, कारण नानांचा धाकटा भाऊ धुडकू मेलेला आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. घरी आईला विचारलं तेव्हा उलगडा झाला. धुडकू शिकायला म्हणून मिशनमध्ये गेला आणि शमुवेल झाला. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी नाना पांझरेवर गेले, भावाच्या नावानं डोक्यावरून आंघोळ केली आणि घरी येऊन सांगितलं की धुडकू वारला. तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव निघालं नव्हतं. माणूस तीन-चार कोसांवर जिवंत हिंडतोय आणि घरात मेलेला, असा तो सगळा प्रकार होता.

मास्तर धर्माला घट्ट होते, त्याचा त्यांना कधी पस्तावा झालेला मी पाहिला नाही. पण भाऊ गमावल्याचं दुःख त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. लहानपणी दोघं गुरं राखताना खडकावर कोळशानं पट आखून वाघ-बकरी खेळत. नाना वाघ, धुडकू बकऱ्या. ‘मला त्याच्याकडून आता काही नको वामनराव,’ ते एकदा म्हणाले. ‘वाटा नको, घर नको. समोर बसून एक डाव खेळावा आणि त्यानं माझ्याशी बोलावं, एवढंच मनात आहे.’ तोवर त्यांना खोकला जडला होता. पावसाळ्यात तो वाढे आणि उन्हाळ्यापर्यंत रेंगाळे.

त्या इच्छेतूनच त्यांनी तो पट केला. मांजरपाटाच्या फडक्यावर निळीनं रेघा आखल्या. मूळ सांगाडा वाघ-बकरीचाच, पण वाघांच्या जागी फारोचे रथ आणि बकऱ्यांच्या जागी इस्राएल लोक. रथ म्हणजे पाद्रीसाहेबांच्या जुन्या कोटाची पितळी बटणं, लोक म्हणजे चिंचोके. रथानं उडी मारून माणसं मारायची, माणसांनी एकमेकांना धरून रथ कोंडायचे आणि समुद्र ओलांडून पलीकडे, देवानं कबूल केलेल्या दूध-मधाच्या कनान देशात पोचायचं. शिवाय एक पांढरी कवडी होती. तिला ते योसेफाची हाडं म्हणत. ती एका वेळी एकच घर चाले, शेजारी आपला चिंचोका असल्याशिवाय हलत नसे, आणि ती पलीकडे पोचल्याशिवाय लोकांचा डाव जिंकला असं धरत नसत. कवडी मारली गेली तर डाव तिथंच संपला. हा पट जो खेळेल त्याला पहिल्यांदा त्या कवडीचाच राग येई. माझाही आला होता.

मास्तरांनी सारखे दोन पट केले. एक स्वतःकडे ठेवला, दुसरा माझ्याकडे दिला. मी तो नानांच्या ओट्यावर नेऊन पसरला. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी केलाय, एवढंच सांगितलं. नाना खाली वाकले, निळीच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि हात आखडता घेतला. त्यांनी रेघ ओळखली असणार. कोणी पाठवलं हे मला विचारलंच नाही. थोड्या वेळानं बैलाच्या गळ्यातला दोर सोडता सोडता म्हणाले, ‘मरेल मानूस डाव मांडस का?’ मेलेला माणूस डाव मांडतो का, असा तो टोला होता. पण पट परत ने असं काही ते म्हणाले नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सायकल काढत होतो, तर नाना कुंपणापाशी उभे. नजर बैलाकडे. ‘तुना मास्तरले सांग, रथ मी लिसू.’ रथ आपण घेणार, एवढं सांगून ते आत निघून गेले.

असा तो डाव सुरू झाला. सकाळी मी नानांची चाल धुळ्याला न्यायची, संध्याकाळी मास्तरांची चाल फागण्याला आणायची. दोघं आपापल्या घरी आपापल्या पटावर तेच मोहरे हलवत. कोणती चाल कुठून कुठं हे सांगायला मास्तरांनी प्रत्येक घराला बायबलातल्या गावांची नावं दिली होती. रामसेस, सुक्कोथ, एथाम, मारा, एलीम. नानांनी दोन दिवस ती सोसली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘हाई काय नावं शेतस? तोंडमा दात अडकतस.’ आणि त्यांनी सगळ्या पटाचं बारसं नव्यानं केलं. मिसर म्हणजे धुळं. सुक्कोथ म्हणजे मुकटी. मग पारोळं, अंमळनेर. तांबडा समुद्र म्हणजे तापी. आणि कनान देश म्हणजे चोपडा, कारण चोपडा त्यांच्या मामाचं गाव. लहानपणी दोघं भाऊ तिथं सुट्टीत जात आणि केळी खाऊन पोट दुखेपर्यंत राहत. मी हे मास्तरांना सांगितलं. मला वाटलं, शास्त्राची अशी थट्टा त्यांना रुचणार नाही. मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ‘बरोबर आहे,’ म्हणाले. ‘दूध-मधाचा देश म्हणजे चोपडाच.’ त्या दिवसापासून आमच्या बोलण्यात फारोचा रथ पारोळ्याला अडकू लागला आणि इस्राएल लोक अंमळनेरला मुक्काम करू लागले. ते ऐकून शाळेतला शिपाई आम्हा दोघांकडे काळजीनं बघत असे.

या डावात एकदा मास्तरांवर बालंट आलं. पाद्रीसाहेब काही कागद शोधायला म्हणून त्यांच्या मेजाच्या खणात हात घालतात, तर शास्त्राच्या पुस्तकाखाली पंचांग. शाळेतल्या ख्रिस्ती मास्तराकडे पंचांग म्हणजे काय समजायचं? साहेब सज्जन, पण त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मास्तरांना हळू आवाजात विचारलं, तुम्ही परत जायचं मनात आणलंय का? मास्तर कधी नव्हे ते गोंधळले. खरं कारण असं होतं की नाना एकादशीला मारत नसत. पटावर असलं तरी मारणं ते मारणं, असा त्यांचा हिशेब. हे लक्षात आल्यापासून मास्तर पंचांग बघून एकादशीच्या दिवशी आपले चिंचोके बिनधास्त उघड्या मैदानातून पुढे सरकवत.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दुसऱ्याच्या श्रद्धेचा असा फायदा घेणं बरं नाही. मास्तर ओशाळले. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याबरोबर निरोप पाठवला की यापुढे एकादशीला मीही माणसं हलवणार नाही. नानांनी निरोप ऐकला, तंबाखू मळत बसले, आणि मग म्हणाले की तर मग आयतवारी मीही मारणार नाही, त्याच्या देवाचा वार आहे. तोवर नानांच्या तोंडी तो मास्तर ‘तुना मास्तर’ होता. त्या दिवशी ‘त्याना देव’ असं म्हणाले, मधला मी गळून पडलो. मी सायकलवर बसून ते वाक्य धुळ्यापर्यंत जपून नेलं. मास्तरांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं.

पहिला डाव नानांनी जिंकला. आपले चिंचोके अंमळनेरच्या पुढे जाऊच शकले नाहीत, हे मास्तर अभिमानानं सगळ्यांना सांगत. ‘वाघ आहे तो,’ म्हणत. हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग त्यांनी निरोप धाडला की आता बाजू बदलू. रथ मी घेतो, लोक तू घे.

नाना जन्मात कधी बकऱ्यांकडून खेळले नव्हते. पण मानी माणूस, नाही कसं म्हणणार? लोक घेतले. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त ती कवडी त्यांच्या डोळ्यांत खुपे. एक दिवस ओट्यावर पट पुढ्यात घेऊन ते माझ्यावरच करवादले. ‘हाई मढं बठ्ठासनी कसाले लई फिरानं?’

ते मढं सगळ्यांनी कशाला घेऊन फिरायचं, हे मी मास्तरांना विचारून आलो आणि गोष्ट सांगितली. योसेफ हा बारा भावांतला एक. बापाचा लाडका म्हणून भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं आणि मग परदेशी व्यापाऱ्यांना विकलं. तो मिसरमध्ये मोठा झाला, दुष्काळात त्याच भावांना त्यानं जगवलं. मरताना त्यानं शपथ घातली की तुम्ही घरी जाल तेव्हा माझी हाडं इथं ठेवू नका, बरोबर न्या. म्हणून ती सगळ्यांनी वाहायची.

नाना तल्लीन होऊन ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, ‘भाऊसनी बापले काय सांगं?’

मी म्हणालो, ‘योसेफ मेला म्हणून सांगितलं.’

नाना उठले. पट तसाच उघडा टाकून गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी चाल आली नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. मी रोज कुंपणापाशी थांबायचो, नाना दिसायचे, मान फिरवून कामाला लागायचे. मास्तर रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभे राहत आणि माझा चेहरा बघून परत वळत. खोकला फार वाढला होता. डॉक्टरनं छाती ठोकून पाहिली आणि रूथबाईंना बाजूला नेऊन बोलला. त्या दिवसांत मास्तर मला म्हणाले, ‘ती कवडी घालायला नको होती वामनराव. मी खेळात खेळापुरतं राहिलो नाही.’  मनातून मला नानांचा संताप येत होता, आणि तो संताप बोलून दाखवायला जागा नव्हती.

असं होता होता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात दिवाळीहून आखाजीचं कौतुक जास्त. शेतं रिकामी, लेकी माहेरी, झाडांना झोके, आणि पितरांच्या नावानं घागर भरायची. घरातला कर्ता पुरुष उंबऱ्यावर बसतो, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढतो आणि पाण्यानं भरलेल्या घागरीवर खरबूज-आंबा ठेवतो. दुपारी पुरणाचे मांडे खाऊन झाले की माणसं डाव मांडायला मोकळी. एरवी पत्त्याला हात न लावणाराही त्या दिवशी खेळतो, त्याला कोणी बोल लावत नाही.

नानांकडे मला जेवायला बोलावणं होतं. दारात भाऊबंदांचा घोळका. नाना उंबऱ्यावर बसून नावं घेत होते. आजा, आजी, बाप, माय. कुंकवाचं ताट बाजूला ठेवून ते उठायला लागले, तेवढ्यात त्यांचे एक म्हातारे चुलते सहज बोलून गेले, ‘धुडकूनी घागर राहिनी ना, नाना?’

म्हाताऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. धुडकू मेलेला, सगळ्यांनी तसं मानलेलं, मग घागर हवीच. हिशेब चोख होता. नाना एकदम फिरले आणि तोंडातून शब्द निघून गेले, ‘जित्ता मानूसनी घागर कोन भरस?’

 नानांची बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, चुलीपाशी हात थांबवून उभ्या राहिल्या. आपण काय बोललो हे नानांच्या सगळ्यात शेवटी लक्षात आलं. ते उंबऱ्यावर पुन्हा खाली बसले. भाऊ मेला म्हणून आंघोळ केलेल्या त्या माणसानं त्या भावाची घागर एकदाही भरली नव्हती, आणि ते एवढ्या वर्षांत कोणाला जाणवलं नव्हतं. पंगतीला नाना चार घास जेवले असतील. मग त्यांनी बैल जुंपले. अक्कांनी काही न विचारता मांडे फडक्यात बांधून गाडीत ठेवले. नानांनी पट काखेत मारला आणि मला म्हणाले, ‘चाल.’

त्या दुपारनंतर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, पुढच्याच महिन्यात मला जळगावच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी धुळं सोडलं. शमुवेल मास्तर गेल्याचं मला दिवाळीच्या सुमाराला तिकडंच कळलं. त्यामुळे मला त्यांचं झालेलं शेवटचं दर्शन म्हणजे त्या आखाजीची दुपार.

मास्तर मिशनच्या आवारातल्या घराच्या ओसरीवर, पायांवर घोंगडी घेऊन बसले होते. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण खोकल्यानं त्यांना परत बसवलं. नाना पायऱ्या चढले. एकमेकांकडे कोणी बघितलं नाही. नानांनी मांड्यांचं फडकं रूथबाईंच्या पुढे केलं, घरून दिलेत म्हणाले, आणि ओसरीवर पट अंथरला. चिंचोके, बटणं, कवडी, सगळं जिथं डाव थांबला होता तिथं त्यांनी बरोबर मांडलं. आपला एक चिंचोका पुढे सरकवला आणि पटाकडे बघतच बोलले.

‘तुनी चाल शे.’

 मास्तरांनी घोंगडी बाजूला सारून रथ उचलला. पुढे दोघं भराभर खेळले.  मी खांबाला टेकून बघत होतो. कवडी तापीच्या काठापर्यंत आली आणि मग नानांकडून एक चूक झाली. बकऱ्यांकडून खेळायची सवय नाही, मागचं घर मोकळं राहिलं. रथानं उडी मारली तर कवडी जाणार, हे मलासुद्धा दिसलं. मास्तरांना दिसलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. त्यांनी पटावर बराच वेळ नजर ठेवली आणि हात दुसऱ्याच रथाकडे नेला.

नानांनी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांनी भावाच्या अंगाला लागलेला तो पहिला हात.

‘माले दया नको दखाडू,’ नाना म्हणाले. ‘मार.’

मास्तरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, पण हात स्थिर होता. त्यांनी रथ उचलला, कवडीवरून उडी मारली आणि कवडी बाजूला ठेवली. डाव संपला. नाना हरले होते. फागण्याच्या ओट्यावर नाना हरलेले मी कधी पाहिले नव्हते, म्हणून आता काय होतंय या धास्तीनं मी सरळ उभा राहिलो.

नानांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि ओसरीवर नीट मांडी घातली. मांडे ताटात घेऊन रूथबाई दारात उभ्या होत्या, त्यांना त्यांनी हातानंच थांबायची खूण केली. मग पटावरचे चिंचोके गोळा करून ते भावापुढे ओंजळीनं ओतले.

‘धुडकू,’ ते म्हणाले, ‘दुसरा डाव मांड.’